एक पॉइंट आठ

लॅबमधल्या पोरानं आकड्याभोवती निळ्या पेननं गोल काढला, कागदाची घडी केली आणि घडीच माझ्या हातात दिली. "सर, डॉक्टरसाहेबांना दाखवून घ्या लवकर." माझाच विद्यार्थी. शाळेत असताना मूत्रपिंडाच्या आकृतीला नावं द्यायची म्हटलं की धमनी आणि शीर हमखास उलटसुलट करायचा. आता मात्र त्यानं गोल बरोबर जागी काढला होता.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून काढायचा कचरा, 1.8. तीन आठवड्यांपूर्वी 1.5 होतं. मधल्या काळात नवीन असं एकच घडलं होतं, दोन गोळ्या सुरू झाल्या होत्या. बावीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दोनात दोन मिळवायला कितीसा वेळ लागतो? लॅबबाहेर मोटरसायकलवर बसल्या बसल्या मी निकाल देऊन टाकला. गोळ्यांनी किडनी चालली, गोळ्या बंद.

निकाल चुकला होता. ते कळायला पुढचे एकवीस दिवस आणि नागपूरची एक चक्कर लागली.

आमचं गाव वरूड तालुक्यातलं. या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमच्या बोअरची खोली पाहिलेली नसते. तीन एकर संत्रा आणि शाळेची नोकरी, असा माझा संसार. वय अठ्ठेचाळीस. शुगर नाही, तंबाखू नाही, दारू नाही. 2021 मध्ये कोरोनाची लस घेताना कोणीतरी बीपी मोजला, 160 वर 100 भरला. "टेन्शन हाये का सर?" म्हणून सिस्टरनं विचारलं. होतंच, तेव्हा कोणाला नव्हतं? विषय तिथं संपला. बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची लागते, हे मी स्टाफरूममध्ये इतरांना सांगत असे. चष्म्याबद्दल असं कोणी बोललं तर मी त्याला हसलो असतो.

मग सप्टेंबरातली ती दुपार. नववीचा तास, फळ्यावर 'प्रकाशसंश्लेषण' लिहायला घेतलं. 'प्रका' लिहून झालं आणि खडू तिथंच थांबला. हातात आहे हे दिसत होतं, बोटांना कळत नव्हतं. पोरांकडे वळून काहीतरी बोललो. काय बोललो ते मला आजही ठाऊक नाही. पोरं मात्र खदखदून हसली, त्यांना वाटलं सर नक्कल करून दाखवत आहेत. पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. ती उठली, पाण्याची बाटली घेऊन आली आणि मला खुर्चीवर बसवलं. आठ-दहा मिनिटांत हात आला, जीभ आली. मी उरलेलं 'शसंश्लेषण' लिहून तास पूर्ण केला, घरी गेलो, जेवलो आणि झोपलो. दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण माझे वडील. 2009 च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांना लकवा मारला. त्या वेळी आम्ही काय केलं? आधी तोंडात साखर घातली, मग मालिश केली, मग सातपुड्याच्या पायथ्याशी एका बाबाकडे नेलं. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, तेही झालं. दवाखाना तिसऱ्या दिवशी. अकरा महिने बाजेवर काढले त्यांनी. गावात कोणाला हे वेगळं वाटलं नाही, कारण दर चार घरांआड एक अशी बाज होती. पुढं वाचनात आलं की गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघरी जाऊन तपासली होती, तो अभ्यास 2015 साली छापून आला. सगळ्यांत वरचं कारण निघालं मेंदूचा झटका, 14.3 टक्के. म्हणजे सात तिरड्यांतली एक. मलेरिया नाही, साप नाही. हा आकडा वाचला तेव्हा मला बाज दिसली.

बायकोला तिसऱ्या दिवशी संशय आला, चहाची बशी माझ्या हातून दोनदा कलंडली तेव्हा. "तुमी मले काई सांगून नाही राह्यले," एवढंच म्हणाली आणि मला उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या आरोग्य अधिकारी मुलीनं आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले, बाही वर सारून पट्टा बांधला, हात टेबलावर ठेवायला सांगितला. 188 वर 112. परत मोजला, 184 वर 110. तिनं फळ्याची गोष्ट ऐकली आणि रागावलीच. "सर, असा झटका येऊन गेला की पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. ते तुम्ही झोपून काढले." माझ्या मुलीच्या वयाची होती. खाली मान घालून ऐकून घेतलं.

नागपूरचं सगळं सविस्तर सांगत नाही. रांगा, फायली, गर्दी. मानेच्या नसांची सोनोग्राफी झाली, छातीची पट्टी निघाली, एमआरआय झाला. मेंदूच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझं डोकं दाखवलं. राखाडी रंगात तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके, बरेच. आणि खोलवर एक जुनं, मिरीएवढं छिद्र. "हा झटका तुम्हाला आधी कधीतरी येऊन गेला आहे, कळलाच नाही." रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या दिल्या, त्यातली एक एकवीस दिवसांनी थांबवायची. त्या दोन गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्यास होतो, चीनमध्ये 5170 रुग्णांवर ते पडताळून पाहिलं होतं, 2013 साली. मी गेलो पाचव्या दिवशी. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली.

आणि मग ते म्हणाले, लघवी तपासून घ्या.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "डोक्याचं दुखणं अन् लघवी कायले तपासून राह्यले हे? अजून बिल वाढवाले?" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तपासणीचं नाव अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. सकाळची पहिली लघवी, छोट्या डबीत, बस्स. 30 च्या खाली असावा लागतो. माझा आला 780.

इथं एक लाजिरवाणी गोष्ट. वर्षभरापासून मला संडासात फेस दिसायचा, ताकावर येतो तसा, पाणी टाकलं तरी न जाणारा. मला वाटायचं फिनाईलचा. एकदा तर बायकोला म्हटलंही की फिनाईल जरा कमी टाकत जा.

डोकं आणि लघवी यांचा संबंध मला किडनीच्या डॉक्टरांनी सांगितला, पण तो समजला बगीच्यात. डॉक्टर म्हणाले, शरीरात रक्ताच्या नळ्या थोरलीतून धाकटी, धाकटीतून बारीक अशा टप्प्याटप्प्यानं लहान होत जातात, त्यामुळं दाब हळूहळू उतरतो. पण मेंदूच्या तळाशी आणि किडनीच्या आतल्या भागात काही बारीक नळ्या अशा आहेत की त्या थेट मोठ्या नळीलाच फुटतात. मधला टप्पाच नाही. मोठ्या नळीचा सगळा दाब त्या केसाएवढ्या नळीवर. आणि हे दोन्ही अवयव असे की रक्ताचा प्रवाह त्यांना रात्रंदिवस लागतो, झोपेतसुद्धा. म्हणून बीपी वाढला की आधी इथली पडझड होते. किडनीतली झाली की लघवीत प्रोटीन उतरतं, ते दिसतं. मेंदूतली दिसत नाही. लघवीची डबी म्हणजे मेंदूच्या नळ्यांकडे उघडणारी खिडकी समजा, असं काहीसं ते म्हणाले. मी मान हलवली.

पुढच्या रविवारी ड्रिप सुरू केलं तर पहिल्याच लॅटरलचा, म्हणजे झाडांकडे जाणाऱ्या बारीक नळीचा, टेकऑफ उडाला होता, मोठ्या नळीला जोडणारा तो सांधा. नेहमी तोच उडतो. व्हॉल्व्हच्या सगळ्यात जवळची नळी, सबमेनवरून, त्या मोठ्या नळीवरून, थेट निघालेली. पंप सुरू होताना जो दणका बसतो तो तिलाच बसतो. बांधाकडच्या शेवटच्या नळीला आजवर कधी काही झालं नाही, तिथं पाणी पोचेपर्यंत दमलेलं असतं. आमचा सालदार चिखलात बसून रबर बदलत होता आणि मी उभ्या उभ्या विचार करत होतो की माझ्या डोक्यातली ती मिरीएवढी जागा म्हणजे हीच, पहिली लॅटरल. ड्रिपचं गेज दीड किलोच्या वर गेलं की मी धावत जाऊन बायपास उघडतो. स्वतःचं गेज तीन वर्षं पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात किडनीच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनच्या जोडीला त्या दोन गोळ्या लिहिल्या: टेल्मिसार्टन, हीही बीपीचीच, आणि डापाग्लिफ्लोझिन. क्रिएटिनिन तेव्हा 1.5, त्यावरून किडनीचं काम 57. शंभराच्या आसपास असावं. दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त तपासा म्हणाले. आणखीही काही म्हणाले असणार, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलेलंही होतं. ते अक्षर मला लागलं नाही आणि मी विचारलं नाही.

चौकातल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहिली आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "सर, तुमाले शुगर केव्हापासून?" नाही म्हटलं मला शुगर. "मंग हे शुगरची गोळी काऊन देल्ली?" त्या संध्याकाळपर्यंत सरांना शुगर असल्याचं गावभर झालं. पुढच्या साखरपुड्यात माझ्यापुढं न विचारता बिनसाखरेचा चहा आला. आजही येतो.

गोळी शुगरचीच आहे हे खरं. तिची कूळकथा भाचीनं शोधून दिली, ती अमरावतीला बी.फार्म. करते. 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा काढला गेला, फ्लोरिझिन. तो पोटात गेला की लघवीतून साखर जाऊ लागते असं पुढं दिसून आलं. त्याच धाग्यावरून दीडशेहून अधिक वर्षांनी मधुमेहाच्या या गोळ्या निघाल्या. मधुमेह्यांना देता देता लक्षात आलं की त्यांच्या किडन्याही जास्त टिकतात. मग प्रश्न आला, शुगर नसलेल्यांच्या? 2020 मध्ये निकाल आला त्या अभ्यासात 4304 माणसं होती, साधारण एकतृतीयांश जणांना मधुमेह नव्हता. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. किडनी निम्म्यावर येणं, निकामी होणं, किंवा किडनी-हृदयाच्या आजारानं मरण, यांचं प्रमाण खऱ्या गोळीवाल्यांत 39 टक्क्यांनी कमी निघालं. फरक इतका साफ होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला. त्याच वर्षी आपल्याकडे त्या औषधाचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. नाहीतर संत्र्याच्या भावावर जगणाऱ्याला ही गोळी परवडली नसती.

पण हे सारं मी नंतर वाचलं. जानेवारीत माझ्या हातात 1.8 चा कागद होता, आणि बंद केलेल्या गोळ्यांचे पत्ते कपाटात.

त्या एकवीस दिवसांत मी काय केलं? शेजारच्या काकाजींनी सांगितलेला गोखरूचा काढा घेतला. स्टाफरूममध्ये "इंग्रजी गोळीनंच किडनी जाते" यावर एकमत झालं, त्यात माझंही मत होतं. माल तोडणीच्या वेळी कंबर धरली म्हणून दोन दिवस दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, मेडिकलमधून, सुट्या. या गोळ्या बिघडलेल्या किडनीला किती महागात पडतात ते मला ठाऊक नव्हतं. बीपीची गोळी बंद करून जिच्यामुळं किडनी खरंच बिघडू शकते ती मी स्वतःच्या हातानं घेत होतो. बीपी 170 च्या घरात. रक्त पुन्हा तपासलं तर क्रिएटिनिन 1.5! मी तो कागद घेऊन नागपूरला गेलो तो डॉक्टरांना त्यांची चूक दाखवायलाच.

टेबलावर तिन्ही कागद ओळीनं मांडले. 1.5, गोळ्या सुरू, 1.8. गोळ्या बंद, 1.5. वकिलासारखा गप्प बसलो.

डॉक्टर कागद पाहून हसले. मला राग आला. ते म्हणाले, "सर, शेती आहे ना तुमची? ड्रिप?" आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक गोल काढला, गोलात शिरणारी एक नळी, बाहेर पडणारी एक. किडनीत अशा लाखो जाळ्या. तुमच्या जाळ्यांत दाब फार वाढला आहे, त्यामुळं पाणी जोरात गाळलं जातं आणि जाळी फाटत जाते. फाटक्या जाळीतून प्रोटीन सांडतं, तोच तुमचा फेस. टेल्मिसार्टन बाहेरच्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा सैल करते. दुसरी गोळी आत शिरणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा आवळते. दोन्हींनी जाळीवरचा दाब उतरतो. दाब उतरला की पहिले काही आठवडे पाणी कमी गाळलं जाणारच. क्रिएटिनिन थोडं चढणारच. "तुमचा 1.8 म्हणजे गोळी लागू पडल्याची पावती होती. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. तुमची वीस टक्के होती. पोटॅशियमही ठीक होतं. हे मी चिठ्ठीवर लिहिलं होतं."

त्या न लागलेल्या अक्षरात हेच होतं. मोठ्या भिंगातून पाहिलं तर लागलं असतं.

त्याच 2020 च्या अभ्यासातला आलेख त्यांनी मोबाईलवर दाखवला. किडनीच्या कामाच्या दोन रेघा. पोकळ गोळीवाल्यांची सुरुवातीला जवळजवळ सरळ, मग घसरत जाणारी. खऱ्या गोळीवाल्यांची पहिल्या दोन आठवड्यांत एकदम खाली येते, बघणाऱ्याच्या पोटात गोळाच यावा. पण तिथून पुढं ती हळू उतरते. पहिले दोन आठवडे सोडले तर वर्षाला पोकळवाल्यांची घट 3.59, खऱ्यांची 1.67. कुठंतरी मध्ये दोन रेघा एकमेकींना ओलांडतात. मी बरोबर त्या पहिल्या खळग्यात उभा राहून निकाल दिला होता. मुलांना मी दरवर्षी सांगतो की दोन बिंदूंवरून आलेखाचा अंदाज बांधायचा नसतो.

परत येताना बसमध्ये बायकोला गोळ्यांचं गणित समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे गोळी बरोबर होती अन् तुमी चुकले." हो म्हटलं. "मंग एवढं लंबं कायले सांगून राह्यले?"

मीठ हा तिचा प्रांत. कुरड्या, पापड, मुंगवड्या, तीन बरण्या लोणचं, हे सारं उन्हाळ्यात घालणाऱ्या बाईला मीठ कमी करा म्हणणं म्हणजे तिच्या कष्टावर पाणी ओतणं. तरी तिनं केलं. ताटातलं वरचं मीठ गेलं, ठेचा आठवड्यातून एकदा झाला. मग पुण्याहून धाकट्यानं 'कमी सोडियमचं मीठ' पाठवलं. त्याचंही संशोधन आहे आणि मोठं आहे: चीनच्या ग्रामीण भागातली 600 गावं, 20,995 माणसं, चतुर्थांश मीठ बदलून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड दिलं. 2021 मध्ये निकाल आला, लकव्याचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी. आम्ही खूश. चव बरी होती, कुरड्यांनाही चालली. मार्चमध्ये रक्त तपासलं तर पोटॅशियम 5.6, वाढलेलं.

या वेळी मी काही बंद करण्याआधी फोन केला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मीठ कोणतं?" ते मीठ चांगलंच आहे, पण ज्याची किडनी अधू आहे आणि जो टेल्मिसार्टन घेतो त्याच्यासाठी नाही, त्या अभ्यासातही गंभीर किडनीवाल्यांना घेतलं नव्हतं. "आणि सर, संत्रा किती खाता?"

आता काय सांगणार? मृगाचा माल घरात होता. आमच्याकडे संत्रा कोणी मोजून खात नाही, बांधावर बसलं की चार-पाच सहज जातात. गाडीत न बसणारा बारीक माल घरी येतो आणि त्याचा रस होतो, तांब्यानं. शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण 180 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, हे बावीस वर्षं संत्रा पिकवून मला त्या दिवशी कळलं. रस पूर्ण बंद, फळ दिवसाला एक. मीठ पुण्याला परत गेलं. एप्रिलमध्ये पोटॅशियम 4.9 आलं. सालदाराला सांगितलं तर तो बांधावर बसून पोट धरून हसला. "बापरे! संतरावाल्याले संतरा मना!"

मे महिना. पारा 46 वर, लग्नं जोरात. एका पंगतीतलं मठ्ठ्याचं पाणी बाधलं आणि मला हगवण लागली, दिवसात नऊ-दहा वेळा. जानेवारीतल्या अनुभवानं मी इतका शहाणा झालो होतो की काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही, असा बाणा होता. तेच पुन्हा चुकलं असतं. आरोग्य अधिकारी मुलीनं घरी येऊन दोन्ही गोळ्या काढून घेतल्या, शब्दशः. अंगातलं पाणी आटलेलं असताना याच गोळ्या किडनीला दगा देतात. खाणंपिणं नीट सुरू होईपर्यंत त्यांना सुट्टी, तोवर ओआरएस. तिनं नागपूरला फोन लावून विचारून घेतलं. चौथ्या दिवशी गोळ्या परत सुरू. जानेवारीत बंद केल्या ते चूक, मेमध्ये बंद केल्या ते बरोबर. हा फरक चिठ्ठीवरच्या अक्षरात मावणारा नाही, तो कोणीतरी समोर बसून सांगावा लागतो.

मेंदूचं काय, हा प्रश्न मला किडनीपेक्षा जास्त खातो. किडनीला आकडा आहे. मेंदूचा आकडा नाही. वर्गातल्या मुलाचं नाव पटकन आठवलं नाही की मी घाबरतो. याआधीही आठवत नसे, पण आधी घाबरत नव्हतो. मेंदूच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की वरचा बीपी 130 च्या खाली ठेवा, जमलं तर 120 कडे न्या. अमेरिकेत 9361 लोकांवरच्या एका अभ्यासात हे पाहिलं गेलं. 2019 च्या निकालात 120 चं ध्येय ठेवलेल्यांमध्ये विसरभोळेपणाची पहिली पायरी 19 टक्क्यांनी कमी दिसली, आणि एमआरआयमधले पांढरे डाग वाढण्याचा वेगही कमी. पण मला जास्त भावला तो 2025 मध्ये आलेला चीनचाच दुसरा अभ्यास. 326 खेडी, 33,995 माणसं, आणि बीपी आटोक्यात आणायचं काम मोठ्या डॉक्टरांकडे दिलंच नव्हतं; ते केलं गावातल्याच साध्या वैद्यकीय कार्यकर्त्यांनी, मोजत राहून, गोळ्या वाढवत राहून. चार वर्षांत स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी. ते वाचताना मला चीन दिसलं नाही. आमचं उपकेंद्र दिसलं, गळक्या पत्र्याचं, आणि "पाय खाली टेकवा सर" म्हणणारी ती मुलगी.

आता सकाळ-संध्याकाळ बीपी मोजतो, आठवड्यातून तीन दिवस. आकडे ड्रिपच्या वहीतच लिहितो. डावीकडे कोणत्या वाफ्याला किती तास पाणी, उजवीकडे माझा दाब. नोव्हेंबरात वर्षाची सगळी तपासणी झाली. क्रिएटिनिन 1.6, किडनीचं काम 52, बीपी 126 वर 78. लघवीतलं प्रोटीन 780 वरून 310. अजून दहापट जास्तच आहे, पण संडासातला फेस गेला. फिनाईल तेवढंच टाकतो.

परवा फिल्टर साफ करत होतो. आंबियाचा माल उतरला होता, पाण्याची घाई नव्हती. सालदारानं विचारलं म्हणून त्याला गेज दाखवून सगळं सांगितलं: पहिली लॅटरल, डोक्यातलं छिद्र, जाळी, प्रोटीन, फेस. तो फिल्टरचं झाकण हातात धरून ऐकत होता. वय चाळीस-बेचाळीस, बीपी कधी मोजलेला नाही, फवारणी करून आला की कंबरदुखीची गोळी ठरलेली.

"फेस तर मलेही येते, सर," तो म्हणाला. "सहा-सात महिने झाले असन."

पंप बंद केला. उद्या सकाळची पहिली लघवी घेऊन ये, म्हटलं, आठ वाजता वरूडला जाऊ. बाटली मी आणतो.

"बाटली कायले आन्ता? फवाऱ्याच्या औषधाची खाली बाटली हाये ना माह्या घरी."

नको, म्हटलं. बाटली मी आणतो.